पालकांचा सहभाग : हक्क की शासनाची पळवाट?

शिक्षणाच्या क्षेत्रात अधूनमधून एखादा शब्द असा काही रूढ होतो की, त्याविषयी शंका घेणारा माणूस मुलांचा वैरीच ठरावा. ‘पालकांचा आणि समाजाचा सहभाग’ हा सध्याचा असा शब्द आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे, शिक्षण खात्याच्या परिपत्रकांत आहे, खासगी शाळांच्या जाहिरातींत आहे आणि मोबाइलवरून शिकवण्या विकणाऱ्या कंपन्यांच्या तोंडीही तोच आहे. शासन, शाळाचालक आणि व्यापारी या तिघांचे ज्या शब्दावर एकमत होते, तो शब्द कष्टकऱ्यांनी जरा उलटून पालटून पाहिलेला बरा.

मुलाच्या शिक्षणात त्याच्या आईबापांनी आणि वस्तीने लक्ष घालावे, याला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. शाळा चार भिंतींत कोंडली गेली की ती मरते, हे महाराष्ट्रातील सर्व थोर शिक्षणकर्त्यांनी सांगितले आहे. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीविषयी. सहभाग मागणारा कोण, देणारा कोण आणि त्याची किंमत कोणाच्या खिशातून व कोणाच्या झोपेतून वसूल होते, हे विचारायला नको काय? हा प्रश्न कसाला लावून पाहायचा, तर त्यासाठी पिंपरी-चिंचवड-चाकण हा औद्योगिक पट्टा योग्य आहे. येथे पालक म्हणजे बहुसंख्येने कामगार आहेत आणि कामगाराचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा नसतो. ज्याच्या हाती वेळ नाही त्याच्याकडे सहभाग मागणे ही थट्टा आहे; आणि ज्याच्या हाती अधिकार नाही त्याच्याकडे सहभाग मागणे ही वेठ आहे. आजच्या धोरणात या दोन्ही गोष्टी एकदमच चालल्या आहेत.

भोंगा आणि शाळेची घंटा

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने या माळरानावर उभे राहिले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहरात बहुतेक कुटुंबे कोठून तरी उठून आलेली आहेत. आजी-आजोबा गावी, शेत गावी, आणि येथे एक खोली व एक पाळी.

पहिल्या पिढीतील कायम कामगाराचे जीवन काही सुखाचे नव्हते. युनियनच्या मान्यतेसाठी, महागाई भत्त्यासाठी, बोनससाठी त्याला झगडावेच लागले. परंतु त्या झगड्यातून त्याने जे मिळविले, त्यात पगाराइतकीच मोलाची अशी आणखी एक गोष्ट होती. आठ तासांची पाळी ठरलेली असे. पाळी आठवड्याला बदलली तरी कोणत्या आठवड्यात कोणती, हे आधी ठाऊक असे. बाप कोणत्या आठवड्यात संध्याकाळी घरी असणार, हे मुलाला माहीत असे आणि शाळेतील गुरुजींनाही. या पट्ट्यातील कामगारांची मुले आय.टी.आय., पदविका, अभियांत्रिकी अशा पायऱ्या चढून गेली, त्याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला आणि आईबापांच्या कष्टांना जितके आहे, तितकेच ते आठ तासांच्या दिवसालाही आहे. कामगार चळवळीने आपल्या विजयांची यादी करताना हा विजय कधी मोजला नाही, ही वेगळी गोष्ट.

चाकणची कथा निराळी आहे. बजाजचा तेथील कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांचे जाळे पसरले आहे. हा सारा विस्तार उदारीकरणानंतरचा, आणि म्हणून कंत्राटी कामगार व शिकाऊ उमेदवार यांच्या खांद्यावर उभा राहिलेला. कंत्राटी कामगाराला आज जादा वेळ थांबायचे आहे की नाही, हे पुष्कळदा पाळी संपता संपता कळते. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते; कारण उद्या फाटकावर आपले नाव असेलच, याची शाश्वती नसते. अशा बापाने मुलाला ‘रोज संध्याकाळी सात वाजता अर्धा तास सोबत वाचन’ करवावे, अशी सूचना शाळेकडून येते. सूचना लिहिणाऱ्याला संध्याकाळी सात ही वेळ सर्वांच्या आयुष्यात येते, असे वाटत असावे.

या पट्ट्यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे, आणि ती येथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळेची सुट्टी रविवारी. बाप घरी असतो त्या दिवशी मूल शाळेत आणि मूल घरी असते त्या दिवशी बाप यंत्रावर. आठवड्यामागून आठवडे अशी चुकामूक होत राहते. पालकांच्या सहभागावर भाषणे देणाऱ्या कोणा तज्ज्ञाने या साध्या गोष्टीची दखल घेतली आहे काय?

उलट, उरलासुरला वेळही काढून घेण्याची व्यवस्था झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरविले. हे कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल, असे सांगण्यात आले. ज्याची नोकरीच ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या संमतीला काय अर्थ असतो, हे सांगायला कायदेपंडित नको. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन तास — चाकणच्या चौकातील वाहतूक ज्याने अनुभवली आहे तो हे दोन तास कमीच म्हणेल — सात तास झोप, आणि अंघोळ, जेवण, पाणी भरणे. मुलासाठी काय उरते? मुलाच्या अंगावर पांघरूण घालण्यापुरता वेळ उरतो. एकीकडे पालकाला शिक्षणातील ‘भागीदार’ म्हणायचे आणि दुसरीकडे त्याची संध्याकाळ मालकाला बहाल करायची, ही दोन्ही कामे एकाच शासनाने केली आहेत. म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न हा शिक्षणाचा प्रश्न आहे, हे आधी स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मोबाइलची एकेरी वाट

या अडचणीवर तंत्रज्ञानाचा तोडगा सुचविला जातो. पालक शाळेत येऊ शकत नसेल तर शाळा त्याच्या खिशात जाईल, असे सांगितले जाते. या युक्तिवादाची परीक्षा २०२० मध्ये होऊन गेली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्गांच्या वाट्याला दीड वर्षाहून अधिक काळ बंद शाळा आली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही शासनाची घोषणा होती. शिक्षण कोणाचे सुरू होते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीप्रमाणे देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. टाळेबंदीत लोकांनी पोटाला चिमटा काढून मोबाइल घेतले. तरीही ‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत असे दिसले की, ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. कारण उघड आहे. घरात फोन एक, आणि तो बापाबरोबर कामावर जातो. ‘घरी फोन आहे’ या सरकारी रकान्याचा आणि ‘मुलाच्या हाती फोन आहे’ या वस्तुस्थितीचा संबंध पाळीच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

त्याच काळात जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, मराठीतून, घरातल्या माणसांना सोबत घेऊन शिकता येईल अशी तिची रचना होती. तिला डेटा लागत नव्हता, नवा फोन लागत नव्हता, कोणाला वर्गणी भरावी लागत नव्हती. तंत्रज्ञान सार्वजनिक मालकीच्या माध्यमातून आले तर ते झोपडीपर्यंत कसे पोहोचू शकते, याचे ते उदाहरण होते. तेव्हा विरोध तंत्रज्ञानाला नाही. विरोध आहे तो तंत्रज्ञानाचा खर्च कुटुंबावर आणि नफा कंपनीवर, या वाटणीला. त्याच दिवसांत बायजूजसारख्या कंपन्यांनी पालकांच्या भीतीवर आपला बाजार मांडला. मूल मागे पडेल ही ती भीती. हप्त्यांवर अभ्यासक्रम विकले गेले. तीच कंपनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या जाहिरातींतही पालक ‘सहभागी’च होते, पैसे भरण्यापुरते.

टाळेबंदी संपली, पण तिने पाडलेली वाट राहिली. आज प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो. गृहपाठ त्यावर येतो, शुल्काची आठवण त्यावर येते, उद्या पांढरा कागद आणि डिंक आणा ही सूचना रात्री दहाला त्यावरच येते. पंचवीस टक्के राखीव जागांचा प्रवेशअर्ज ऑनलाइन भरायचा असतो. कागदपत्रांची छायाचित्रे, संकेतांक, मुदत यांतून पार पडायचे असते. ‘अपार’ क्रमांकासाठी आधारचा तपशील आणि संमतीपत्र मागितले जाते. ज्याला हे जमत नाही तो सायबर कॅफेत जाऊन पैसे मोजतो, नाहीतर मुदत गमावतो. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोबाइलमधून सूचना खाली येतात. त्याच वाटेने तक्रार वर जात नाही. पुष्कळ गटांत तर लिहिण्याची मुभा फक्त शाळेलाच असते. पालकाने वाचावे, अंगठा उमटवावा आणि पैसे भरावेत. याला सहभाग म्हणायचे तर कारखान्याच्या सूचनाफलकालाही व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग म्हणावे लागेल!

आणि ज्या मुलाची मातृभाषा भोजपुरी, उडिया वा कानडी आहे, ज्याच्या आईला देवनागरी टंकलेल्या सूचनेतले निम्मे शब्द कळत नाहीत, तिच्यासाठी हा गट म्हणजे बंद दारच. अशी कुटुंबे या पट्ट्यात थोडीथोडकी नाहीत.

आईच्या माथी दुसरी पाळी

शासनाच्या सहभागाच्या कल्पनेत ‘पालक’ म्हणजे प्रायः आईच असते. २०२२ पासून महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गट करण्यात आले. वस्तीतील चारसहा आया एकत्र येतात, त्यांतील एक पुढाकार घेते, घरातल्या वस्तूंनी मुलांना मोजणी, ओळख, गोष्टी शिकविण्यासाठी कार्डे दिली जातात, मोबाइलवर संदेश येतात. या उपक्रमाला नाके मुरडण्याचे कारण नाही. निरक्षर आईसुद्धा मुलाच्या बुद्धीला खाद्य देऊ शकते, हे त्यातून दिसते. आणि ‘अडाणी आईबापांना शिक्षणाची किंमत नसते’ या मध्यमवर्गीय आढ्यतेला ते परस्पर उत्तर आहे. बायका एकत्र बसतात, मुलांविषयी बोलतात, हीही लहान गोष्ट नाही.

परंतु पुढचा प्रश्न टाळता येत नाही. भोसरी, तळवडे, चिखली येथील लहान कारखान्यांत पॅकिंग आणि जोडणीचे काम करणारी, किंवा निगडी-प्राधिकरणात चार घरची धुणीभांडी करणारी आई या गटात कधी बसणार? एक पाळी कामावर, दुसरी चुलीपुढे, आणि आता ही तिसरी पाळी शाळेची. तिसऱ्या पाळीला मोबदला नाही, रजा नाही, आणि मूल मागे पडले की दोष मात्र तिचा. अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांच्या रिक्त जागा तशाच ठेवायच्या आणि त्यांचे काम ‘मातृशक्ती’च्या गौरवात बुडवून घरी पाठवायचे, ही काटकसर स्त्रियांच्या श्रमावर चालते. माता गट शाळेला पूरक असेल तर त्याचे स्वागत आहे. शाळेच्या जागी तो येत असेल तर ती फसवणूक आहे. या दोहोंतील फरक मोजण्याचे माप सोपे आहे : गट सुरू झाल्यावर त्या वस्तीतील अंगणवाडीला सेविका मिळाली की तिची जागा रिकामीच राहिली, एवढे पाहावे.

कायद्याने दिलेली खुर्ची

सहभागाचा दुसरा अर्थ अधिकाराचा आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून वा स्थानिक संस्थेकडून मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे आहेत. महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाच्या आईला शाळेचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. तो कोणाची मेहेरबानी नाही.

प्रत्यक्षात काय चालते, हे सर्वश्रुत आहे. समितीची सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. हजर कोण? ज्याला रोजीवर पाणी सोडणे परवडते तो. उरलेल्यांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. अध्यक्षपद स्थानिक पुढाऱ्याच्या नात्यागोत्यात फिरते. विकास आराखडा मुख्याध्यापकाने मागच्या वर्षीच्या आराखड्यावरून उतरवलेला असतो. बिचाऱ्याला ऑनलाइन माहिती भरता भरता वेळच कुठे असतो! शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. परंतु निर्जीव समिती कोणालाच त्रास देत नाही.

पालक खऱ्या अर्थाने सहभागी होतात तेव्हा काय घडते, याचे ताजे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली आणि ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के राखीव जागांच्या बंधनातून मोकळे केले. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा शोधूनच काढावी लागली असती. म्हणजे तरतूद कागदावर ठेवून हक्क संपविण्याचाच हा प्रकार होता. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने मे महिन्यात अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. सहभाग याला म्हणतात! मात्र ‘पालकांनो, पुढे या’ म्हणणाऱ्या शासनाने त्या वेळी पुढे आलेल्या पालकांच्या विरोधात आपले वकील उभे केले होते, हे विसरून चालणार नाही.

‘समाज’ म्हणजे कोण?

शासनाच्या कोशात ‘समाज’ या शब्दाचाही अर्थ बदलला आहे. १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने ‘दत्तक शाळा’ योजना आली. कंपन्यांनी, धनिकांनी ठरावीक मोलाची मदत करून पाच वा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यावी आणि शाळेच्या नावाला आपले नाव जोडावे, अशी ती योजना. दत्तक पोरक्याला घेतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक शाळा पोरक्या कधी झाल्या? कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करायचे असतात. त्यातून भिंती रंगतात, दूरचित्रवाणीचे मोठे पडदे लागतात, आणि खाली कंपनीची पाटी लागते. तो नफा ज्याच्या घामातून आला, त्या कामगाराचे मूल त्या पाटीखाली बसून कंपनीचे आभार मानते. कामगाराला बारा तास राबवून त्याच्या मुलाला पडदा भेट देण्यापेक्षा बापाला आठ तासांनी घरी सोडले, तर मुलाच्या शिक्षणाला अधिक हातभार लागेल.

महाराष्ट्राची परंपरा याहून फार वेगळी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, त्यांच्यासाठी शाळेनेच आपली वेळ बदलली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, हे परखडपणे मांडले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडही ठेवला. पण दंडाची भाषा बोलण्याआधी त्यांनी शुल्क उठविले आणि शाळा काढल्या. आधी राज्याचे कर्तव्य, मग पालकाचे, हा तो क्रम होता. आज तो उलटा झाला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शाळाच अंगणात आणि कुरणात नेली, कारण आदिवासी मूल गुरांमागे असते, हे त्यांनी पाहिले होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत निरक्षर प्रौढांना साक्षर करण्याची जबाबदारी अख्ख्या गावाने उचलली.

आणि हे सारे इतिहासजमा झालेले नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी संपण्याच्या बेतात होती. गावाने आणि शिक्षकांनी मिळून ती उभी केली. वेगवेगळ्या वयांची मुले एकमेकांना शिकवितात, ‘विषयमित्र’ होतात. २०२५ मध्ये ‘टी-फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत समाजाच्या सहकार्याच्या विभागात ती अंतिम दहा शाळांत आली आणि लोकांच्या मतांवर ठरणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार तिने मिळविला. कारखान्यांच्या धुरापासून काही कोसांवर, सार्वजनिक शाळेत, मराठी माध्यमात हे घडले आहे. सार्वजनिक शाळा सुधारत नाही, म्हणून ती बंद करा वा दत्तक द्या, असे म्हणणाऱ्यांनी तेथे जाऊन यावे.

मात्र एका शाळेच्या यशावरून धोरण ठरविणेही घातक आहे. जालिंदरनगरच्या मागे गाव उभे राहिले. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी येथील खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कामगाराच्या मागे कोणते गाव आहे? ग्रामसभेत बसण्याचा हक्क मतदारयादीत नाव असणाऱ्याला. याचे नाव बीडला, यवतमाळला किंवा बिहारात. घरमालक स्थानिक, भाडेकरू परका. पाणी, कचरा, शाळा या सर्व बाबतींत निर्णय पहिल्याचा आणि भोग दुसऱ्याचा. आणि येथेच शाळा व्यवस्थापन समितीचे खरे महत्त्व ध्यानात येते. समितीवर येण्यासाठी मतदारयादीत नाव लागत नाही, सातबारा लागत नाही, जात वा गाव विचारले जात नाही. मूल त्या शाळेत असले की पुरे. या पट्ट्यातील स्थलांतरित कामगाराला सार्वजनिक जीवनात शिरण्याचे एवढे सरळ दार दुसरे क्वचितच असेल. ते दार चळवळीने आजवर ठोठावलेले नाही.

चळवळीच्या मागणीपत्रात

कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत कँटीन असते, बस असते, गणवेश असतो. मुलाच्या शाळेचा उल्लेख झालाच तर शैक्षणिक भत्त्याच्या रूपाने. भत्ता मिळाला की तो खासगी इंग्रजी शाळेच्या शुल्कात जातो, आणि तेथे पालकाला कलम २१ ची समितीही नसते. शुल्कवाढीविरुद्ध दाद मागायची तर कायद्यातील दुरुस्तीमुळे शाळेतील पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्या कामगाराने संघटनेच्या बळावर पगार वाढविला, तोच कामगार शाळेच्या फाटकात एकटा, हात जोडून उभा असतो. हा विसंगतपणा किती दिवस चालू द्यायचा? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली : वस्तीतील सर्व थरांची मुले एकाच शाळेत जावीत. त्यामागे केवळ समतेचे तत्त्व नव्हते. सर्व थरांचे पालक एकाच शाळेशी बांधले गेले की त्या शाळेची उपेक्षा करण्याची कोणाची छाती होत नाही, हे व्यवहारज्ञानही होते. संघटित कामगाराने पालिकेच्या शाळेतून आपले मूल काढून घेतले, त्या दिवशी कंत्राटी कामगाराच्या मुलाची शाळा दुबळी झाली.

तेव्हा पहिले काम मागणीपत्र बदलण्याचे. शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि पालकसभेच्या दिवशी भरपगारी रजेचा हक्क करारात आला पाहिजे, आणि तो कंत्राटी कामगाराला धरून. बारा तासांच्या दिवसाविरुद्धची लढाई केवळ जादा मोबदल्याच्या दराची न ठेवता ती मुलांच्या संध्याकाळची लढाई म्हणून वस्त्यावस्त्यांतून, बायकांना बरोबर घेऊन लढली पाहिजे.

दुसरे काम शाळांमध्ये शिरण्याचे. समित्यांच्या निवडी पालकांच्या उघड सभेत व्हाव्यात, सभा गुरुवारी सायंकाळी भराव्यात, इतिवृत्त आणि हिशेब शाळेच्या फलकावर लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. दहा पालक घेऊन मुख्याध्यापकाकडे जाणारा एक कार्यकर्ता लागतो. मुख्याध्यापकाला आणि शिक्षकांना शत्रू मानण्याची चूक मात्र करू नये. अशैक्षणिक कामांनी आणि रिक्त पदांनी तेही पिचलेले आहेत. पालकांची जागी समिती ही त्यांचीही ढाल होऊ शकते.

तिसरे काम तंत्रज्ञान सार्वजनिक करण्याचे. ‘स्मार्ट सिटी’चे बिरुद मिरविणाऱ्या शहरात पालिकेच्या शाळांतील संगणक दुपारनंतर कुलूपबंद का राहावेत? ते रात्री नऊपर्यंत वस्तीला खुले असावेत. तेथे अभ्यासिका असावी, प्रवेशअर्ज विनामूल्य भरून देण्याची व्यवस्था असावी, आणि या कामासाठी पगारी माणूस असावा. स्वयंसेवेच्या नावाखाली आणखी कोणाची वेठ नको. शाळेचा संदेश लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजात आणि त्यांच्या भाषेत यावा, आणि त्याच गटात पालकाला बोलताही यावे. ज्या घरी फोन नाही, त्या घरच्या मुलाचे कोणतेही शैक्षणिक काम फोनवाचून अडता कामा नये.

यातील एकही मागणी क्रांतीची वाट पाहत बसणारी नाही. प्रत्येक मागणी एका वॉर्डात, एका शाळेत, एका कारखान्याच्या फाटकावर आजपासून लढता येण्याजोगी आहे. शाळेच्या प्रश्नावर एकत्र आलेली वस्ती उद्या पाण्याच्या आणि घराच्या प्रश्नावरही एकत्र येते, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. पालकांचा सहभाग हवाच आहे. तो शासन म्हणते त्याहून कितीतरी अधिक हवा आहे : देखरेखीत हवा, हिशेबात हवा, निर्णयात हवा. एवढा सहभाग शासनाला पेलवेल काय, हा प्रश्न आता शासनाला विचारण्याची वेळ आली आहे. आणि तो व्हॉट्सॲपवर नव्हे, तर गुरुवारच्या सभेत, समोरासमोर.